डाव्या खांद्यावरचे दहा धागे

आमच्या घरात मोजण्याचं काम हिचं. पाहुणे चहा पिऊन उठले, की ते दारापाशी चपला शोधत असतानाच ही आत चमचे मोजत असते, आणि तेही मोठ्याने. माझी एक आतेबहीण त्यावरून सहा महिने आमच्याकडे फिरकली नव्हती. मी तिला परोपरीने समजावलं, की अगं, तुला चोर समजून नाही मोजत, ती सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात मोजते आहे, तिच्याने राहवत नाही. आतेबहीण कसली ऐकतेय! चमचे सहाच्या सहा भरले होते, याचाच तिला जास्त राग.

ही म्हणजे माझी बायको. हॉस्पिटलात तिला तोंडावर मोठ्या सिस्टर म्हणतात आणि पाठीमागे मोजणीबाई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक आहे, आणि माझा अंदाज असा की ते तिला जास्त आवडतं. काम साधं आहे. ऑपरेशनच्या आधी टेबलावर जे जे ठेवलं, सुया, चिमटे, गॉजचे तुकडे, ते मोजून भिंतीवरच्या पाटीवर लिहायचं आणि माणूस शिवून बंद करण्याआधी पुन्हा मोजायचं. आकडा जुळला नाही तर कुणाचीही भीडभाड न ठेवता म्हणायचं, "थांबा." एकदा हिने एका ज्येष्ठ सर्जनना एका सुईपायी पाऊण तास थांबवलं. ते पाय आपटत होते. सुई निघाली त्यांच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेली. निवृत्त होईपर्यंत ते थिएटरात शिरताना आधी हिला बुटाचा तळवा दाखवायचे.

मी शिंपी. घराखालीच दुकान आहे, कोट आणि पँटी शिवतो. हिचं काम नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक दिवस ही रडकुंडीला येऊन घरी आली. गॉजचे तुकडे वळून ठेवताना मध्येच कुणी काही विचारलं, की हिचा आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. मी तिला आमची पद्धत दाखवली. कोटाला दहा बटणं लावायची असतील तर मी आधी दहा धागे कापतो, डाव्या खांद्यावर टाकतो आणि एकेक उचलून बटण लावत जातो. गिऱ्हाईक येवो, शेजारी गप्पा मारायला बसो, मला काही मोजावं लागत नाही. खांदा रिकामा झाला की काम झालं. हिने दोन बोटांनी माझा खांदा चाचपून पाहिला, म्हणाली, "एवढंच?" आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ती युक्ती जी उचलली, ती स्वतःची करून टाकली. मला कधी श्रेय दिलं नाही. पुढे जे झालं त्यानंतर मात्र मीच ते मागायला गेलो नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे रोबोट आला. तेव्हा ही चार दिवस गाल फुगवून होती. "यंत्रच ऑपरेशन करणार असेल तर आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?" आठवड्याभरात सूर बदलला. जेवताना मला सांगू लागली, की यंत्र आपल्या मनाने काही म्हणजे काही करत नाही. सर्जनबाई कोपऱ्यात एका मोठ्या पेटीसमोर बसतात, कपाळ टेकवून आत बघतात, बोटं दोन कड्यांत अडकवतात. त्यांचं मनगट वळलं, की पेशंटच्या छातीत गेलेल्या बारीक दांड्याचं टोकही तसंच वळतं, आणि हाताला थरथर असली तर तेवढी गाळून. शिवाय पायाखाली पेडलं.

"पेडलं?" माझा घास हातातच राहिला.

"पेडलं."

"किती?"

"सात," ती म्हणाली. अर्थात मोजलेली होती.

त्या दिवसापासून त्या यंत्राबद्दल मला आपुलकी वाटू लागली, ती आजतागायत. कामाला बसायचं, मान खाली घालायची आणि हात-पाय दोन्ही चालवायचे, हे काम मला कळतं. त्यातही आतल्या नळ्या बंद करायचं एक हत्यार आहे, ते दोन्हीकडे बारीक पिनांच्या ओळी मारतं आणि मधोमध कापतं. कापणं आणि शिवणं एकाच दमात. चाळीस वर्षं मी कात्री ठेवून सुई उचलतोय. मला त्या हत्याराचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण रोबोटमुळे हिचं एक काम वाढलं, आणि सगळी गोष्ट त्याच कामाची आहे. फुप्फुसाचं ऑपरेशन करताना सर्जनबाई पेशंटपासून चार पावलं लांब असतात. फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची नळी जाडजूड दिसते, पण तिची भिंत ओल्या कागदासारखी. ती फाटली तर जुन्या पद्धतीत सर्जनचं बोट तिथंच असायचं, दाबून धरायला. इथे बोट कोपऱ्यातल्या पेटीत. म्हणून गॉजची एक घट्ट वळलेली गुंडाळी सुरुवातीपासूनच छातीत ठेवून द्यायची, यंत्राच्या हाताला लागेल अशी. रक्त आलं की क्षणात ती उचलून दाबायची. ती सैल असून चालत नाही, आत उलगडली तर उपद्रवच. हिच्या गुंडाळ्या करंगळीएवढ्या, एकसारख्या, मधोमध धाग्याची एक गाठ. थिएटरातली मंडळी त्यांना सिगरेट म्हणत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात सिगरेट! हिला तो विनोद मुळीच सहन व्हायचा नाही. ही गुंडाळीच म्हणायची.

दर वेळी दहा गुंडाळ्या. आदल्या दिवशी दुपारी चार ते पाच ही थिएटरच्या मागच्या खोलीत बसायची, दहा धागे खांद्यावर. दहा झाल्या की पाकीट बंद, वर चिठ्ठी: "गुंडाळ्या, १०", खाली सही. मग पाकीट वाफेच्या भट्टीत जंतू मारायला. थिएटरात धाकटी सिस्टर ते उघडायची. ही धाकटी हिच्याच हाताखाली तयार झालेली. तिला हिचं पहिलं वाक्य होतं, "स्वतः मोजल्याशिवाय पाटीवर आकडा लिहायचा नाही. माझ्या चिठ्ठीवरही विश्वास ठेवायचा नाही." पण सहा वर्षं ज्या चिठ्ठीतला आकडा कधी चुकला नाही, तिच्यावर माणूस किती दिवस अविश्वास ठेवणार?

आता माझ्याकडे येतो. कापडाचा एक तागा काढायला स्टुलावर चढलो आणि पडलो. बरगड्या दुखत होत्या म्हणून फोटो काढला. बरगड्या शाबूत निघाल्या, पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक ठिपका दिसला. मग मोठं स्कॅन, मग सुई घालून तपासणी, आणि मग ते नाव, जे डॉक्टरही जरा हळू आवाजात घेतात. शर्टाच्या बटणाएवढी गाठ. मी उभ्या आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. पण भेटेल तो आधी हेच विचारी, "ओढायचात का हो?" जणू हो म्हणालो असतो तर त्यांच्या मनाला बरं वाटलं असतं. शेवटी शेवटी मी सांगायला लागलो, "नाही, पण आता सुरू करीन म्हणतो."

बाहेर असा तोरा होता. आत पाचावर धारण बसली होती.

सर्जनबाईंनी मला बसवून नीट समजावलं. गाठ लहान आहे, लवकर सापडली आहे, म्हणून फुप्फुसाचा मोठा भाग न काढता एकच छोटा कप्पा काढता येईल. बरगड्यांच्या मधून करंगळीच्या नखाएवढी चार भोकं, आणि काढलेला तुकडा बाहेर आणायला एक जरा मोठं.

"पण एक कप्पा संपून दुसरा कुठं सुरू होतो, हे तुम्हाला दिसतं कसं?" मी विचारलं. त्यांना हा प्रश्न आवडला. त्या कप्प्याची रक्ताची नळी आधी बंद करायची, मग हाताच्या शिरेतून एक हिरवा रंग सोडायचा. कॅमेऱ्याचा प्रकाश बदलला की सगळं फुप्फुस हिरवं चमकतं, आणि रक्त तुटलेला तेवढाच कप्पा काळा राहतो. कडेने कापायचं.

"म्हणजे खडूची रेघ," मी म्हणालो.

"अगदी खडूची रेघ, काका."

मला तिथंच अर्धं बरं वाटलं. रेघ मारून कापणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

"आणि भोकांतून नाही जमलं तर?"

"तर कुशीवर वीतभर छेद घेऊन, बरगड्या फाकवून करावं लागेल. जीव वाचतोच, पण मग दुखणं महिनोन् महिने. उजवा हात वर करणं जड जातं. आम्ही ती पाळी येऊ देत नाही."

उजवा हात म्हणजे माझी कात्री. हिने दोन्ही तऱ्हेचे पेशंट पाहिले होते.

हॉस्पिटलचा नियम असा, की आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आत उभं राहायचं नाही. हिने नियम मानला, पण एक अट घातली. "मी आत येत नाही. धाकटी उभी राहील. पण गुंडाळ्या माझ्या हातच्या असतील." पाकिटाबद्दल नियमात काही नव्हतं. सर्जनबाईंनी हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी एकटा. दुकान बंद, पिशवी भरून तयार, आणि मनात नाही नाही ते विचार. साडेचार वाजले असतील. हिचा आवाज ऐकावासा वाटला. पण असं सरळ सांगायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून फोन करून विचारलं, "अगं, उद्या बनियन नवं घालू की जुनं?"

"अहो, तुमच्या छातीत भोकं पाडणार आहेत उद्या, आणि तुम्हाला बनियनचं पडलंय?" ती कडाडली. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "नवं घाला."

फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं. किती महागात पडणार होता तो फोन, याची कल्पना असती तर मी बनियनच फाडून टाकलं असतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी भूल देऊन कुशीवर झोपलेला, एक फुप्फुस हवा काढून मिटवलेलं. ही हकीगत हिच्याकडून, लेकीकडून आणि धाकटीकडून थोडी थोडी गोळा केली आहे.

सकाळी आठला मला आत नेलं. ही बाहेर नातेवाइकांच्या खुर्चीत बसली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. साध्या कपड्यांत होती, त्यामुळे रोजच्या सफाईवाल्यानेही तिला "बाई, पाय वर घ्या" म्हणून हटकलं. लेक शेजारी. ही घड्याळाकडे बघून आतलं सगळं सांगत होती. "आता कुशीवर वळवलं असेल. आता भोकं. आता दांडे जोडताहेत." लेक शेवटी म्हणाली, "आई, प्लीज, बास." मग ही मनातल्या मनात सांगत राहिली. लेक म्हणते, ओठ हलत होते.

आत बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. मग त्या कप्प्याच्या रक्ताच्या नळीमागून हत्यार घालताना बाजूची एक बारीक फांदी फाटली, आणि पडदा एकदम लाल झाला. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. सर्जनबाईंनी हाताशी ठेवलेली गुंडाळी उचलली, फाटलेल्या जागी दाबली आणि म्हणाल्या, "घड्याळ लावा, पाच मिनिटं." पाच मिनिटं सगळं थिएटर नुसतं उभं होतं. मग त्यांनी गुंडाळी हलकेच उचलली. रक्त थांबलेलं होतं. आसपासचं पुसायला आणखी चार-पाच गुंडाळ्या आत गेल्या आणि बाहेर आल्या. मग नळी बंद झाली, हिरवा रंग सुटला, काळ्या कप्प्याच्या कडेने काप बसला, तुकडा पिशवीत घालून बाहेर आला. आसपासच्या ग्रंथी काढून तपासायला गेल्या. छातीत पाणी घालून फुप्फुस फुगवलं, बुडबुडे आले नाहीत. सायकलची ट्यूब तपासतात तसंच, हे मला फार पटलं. आता फक्त मोजायचं आणि शिवायचं.

धाकटीने मोजलं. गुंडाळ्या नऊ. पाटीवर दहा.

पुन्हा मोजलं. नऊ. कचऱ्याची पिशवी उपसली, चादरीच्या घड्या उलगडल्या, टेबलाखाली पाहिलं, सर्वांनी बुटांचे तळवेसुद्धा दाखवले. सर्जनबाई पुन्हा पेटीसमोर बसल्या आणि कॅमेऱ्याने छातीचा कोपरा न् कोपरा पाहिला, हृदयामागे, खाली छाती-पोटामधल्या पडद्यावर, वर गळ्याच्या बाजूला. रक्तात भिजलेली गुंडाळी मांसासारखीच दिसते, सहज लपते. टेबलावरच फोटो काढला. गॉजमध्ये एक निळा धागा असतो, तो फोटोत दिसावा म्हणूनच घातलेला. पण माझ्या छातीत आता पिनांच्या ओळी होत्या, श्वासासाठी घातलेली नळी होती, आणि त्या गर्दीत एक पुसट रेघ. एक डॉक्टर म्हणाले धागा आहे, दुसरे म्हणाले नाही.

सर्जनबाई म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं शोधा. नाही सापडली तर छाती उघडून हाताने चाचपावं लागेल. आत सोडून मी बंद करणार नाही."

दुसऱ्या सिस्टरला उभं करून धाकटी बाहेर आली. मोठ्या सिस्टर, तिच्या गुरू, समोर खुर्चीत. साडेबारा होऊन गेले होते, आणि साडेबारापर्यंत शिवून व्हायला हवं होतं, हे त्या खुर्चीत बसलेल्या बाईइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "काकांचं सगळं ठीक आहे. गाठ निघाली. पण... पाकिटात दहा होत्या ना?"

"म्हणजे काय? दहाच." ही ताडकन उभी राहिली. "किती भरताहेत?"

"नऊ."

"उघडल्यावर मोजल्या होत्यास?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमची चिठ्ठी होती, ताई. आणि काकांचं ऑपरेशन. मला वाटलं, आजच्या दिवशी तरी ताईंचा आकडा... मी चिठ्ठीवरूनच लिहिलं."

लेक सांगते, आईचा चेहरा असा काही झाला की आता ही त्या मुलीला फाडून खाणार. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग ती थबकली. तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"सर्जनबाई काय म्हणतात?" तिने विचारलं.

"दहा मिनिटांनी उघडणार. त्यातली तीन गेली."

खांद्यावर हात ठेवून ही मनाने कालच्या खोलीत गेली होती. आठ धागे संपले. नववा उचलला, गाठ मारली, आणि गुंडाळी डब्यात टाकणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बनियन. डाव्या हाताने फोन काढला, उजव्या हातातली गुंडाळी... फोन ठेवला तेव्हा तिला रडू येत होतं. रडू आवरत तिने शेवटचा धागा उचलला, दहावी गुंडाळी बांधली. खांदा रिकामा झाला. खांदा रिकामा म्हणजे दहा झाल्या. पाकीट बंद, चिठ्ठी, सही. धागा तुम्हाला गाठ मारली हे सांगतो. बांधलेली गुंडाळी पुढे कुठे गेली, हे धागा सांगत नाही. सत्तावीस वर्षांत तिला हे सांगायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

"माझा एप्रन," ती म्हणाली. "माझ्या कपाटात. उजवा खिसा."

किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. लेक म्हणते, आईला इतकं पळताना मी आयुष्यात पाहिलेलं नाही, बसच्या मागेसुद्धा नाही. कपाट उघडलं, एप्रनच्या खिशात हात घातला. कोरडी, पांढरी, करंगळीएवढी, मधोमध गाठ.

आता बघा, इथे ही दुसरंही काही करू शकली असती. "पाकीट उघडताना खाली पडली असेल, ही बघ" असं म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? धाकटी तर जन्मभर उपकार मानत राहिली असती. हिने ती गुंडाळी एका पारदर्शक पिशवीत घातली, वर कागद लावला, आणि त्यावर लिहिलं, "पाकिटात नऊच होत्या. मोजण्यात चूक माझी." खाली नाव, सही, वेळ. धाकटीच्या हातात देत म्हणाली, "सर्जनबाईंना हे वाचून दाखव. मोठ्याने. आणि तू चिठ्ठीवरून लिहिलंस, हेही तूच सांग."

आत सर्जनबाईंच्या हातात मोठा चाकू अजून आला नव्हता, पण ट्रे उघडला होता. धाकटीने वाचून दाखवलं. मग सर्जनबाईंनी मास्कच्या आतून एक लांब श्वास सोडला आणि म्हणाल्या, "नऊ आणि एक दहा. शिवा."

थिएटरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला असता, पण मी झोपेत होतो.

संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा ही पलंगाशी. माझं पहिलं काम, उजवा हात हलवून पाहिला. हलला. कुशीवर चार छोट्या पट्ट्या आणि एक जरा मोठी. मी हिच्याकडे बघून हसलो. ही रडायला लागली.

"अहो, माझ्या चुकीने तुम्हाला कापणार होते."

मला वाटलं गाठीचंच काही वाईट आहे. तिने मग सगळं सांगितलं, काही न लपवता, सुरुवातीपासून. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन कुणी केला होता?"

"तुम्ही."

"आणि खांद्यावर धागे टाकायला कुणी शिकवलं?"

ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही."

"मग निम्मा वाटा माझा. बनियन मात्र चांगलं होतं, ते कुठंय?"

तिला हसू आलं. मला हसताना कुशीत कळ आली, तीही चालली.

हिने स्वतःच पुढे होऊन लेखी कळवलं. वरिष्ठांनी ऐकून घेतलं, समज दिली, आणि हिने सुचवलं तेच लागू केलं. पाकिटावर आकडा लिहायचा नाही. उघडल्यावर दोघींनी मोठ्याने मोजायचं, मगच पाटीवर. ज्या चिठ्ठीचा तिला सहा वर्षं अभिमान होता, ती तिनेच बंद करवली. मला त्याचं वाईट वाटलं. तिला अजिबात वाटलं नाही. "चिठ्ठीपायी तुम्ही गेला असतात," ती म्हणाली. मी गेलो नसतो, फार तर हात अधू झाला असता. पण तिच्यापुढे मी ब्र काढला नाही.

मीही माझ्यापुरता कानाला खडा लावला. चार ते पाच हिला फोन करायचा नाही. घराला आग लागली तरी पाण्याची बादली आधी.

पण एक गोष्ट अजून बाकी होती. काढलेल्या ग्रंथींचा रिपोर्ट. गाठ निघाली होती, पण तिची मुळं पसरली होती की नाही, हे त्या कागदावर ठरायचं होतं. घरी आलो तरी आम्ही तिघंही त्या कागदाबद्दल बोलत नव्हतो. ही कामावर रुजू झाली. अकराव्या दिवशी मी दुकानात खुर्चीवर बसलो होतो, मशीनच्या पेडलवर पाय ठेवून पाहत होतो, तेवढ्यात फोन वाजला. सर्जनबाई.

"काका, रिपोर्ट आला. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत. ग्रंथीही सगळ्या स्वच्छ. पुढे औषधं लागणार नाहीत, फक्त तपासायला येत राहायचं."

मी विचारलं, "हिला सांगितलंत?"

"नाही. आधी पेशंटला. त्यांना तुम्हीच सांगा."

फोन ठेवला आणि लगेच हिचा नंबर लावायला घेतला. नजर घड्याळाकडे गेली. साडेचार. दुसऱ्या दिवशी फुप्फुसाचंच ऑपरेशन होतं, सकाळीच सांगून गेली होती. म्हणजे आत्ता ती मागच्या खोलीत, खांद्यावर धागे.

मी फोन खाली ठेवला. माझ्या पोटात साधं कुणाच्या लग्नाचं गुपित राहत नाही, आणि हे तर केवढं! मी सुई ओवली. पुन्हा काढली. उभा राहिलो, बसलो. लेक बाजारातून आली, "बाबा, चेहरा असा काय?" म्हणाली. तिलाही सांगितलं नाही. पहिला हक्क हिचा. तीस मिनिटं मी त्या घड्याळाचा काटा जवळजवळ ढकलत होतो.

पाचला तिचाच फोन आला, रोजच्यासारखा. "गोळी घेतलीत?"

"घेतली. रिपोर्ट आला."

"कधी?"

"साडेचारला."

"आणि आत्ता सांगताय? अहो, अर्धा तास तुम्ही..." तिचा आवाज चढत चढत एकदम थांबला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही थांबून राहिलात?"

"किती झाल्या?" मी विचारलं.

"दहा. मी मोजल्या, धाकटीने मोजल्या."

"मग आता ऐक. सगळं स्वच्छ आहे. कडाही, ग्रंथीही. आत काही राहिलेलं नाही."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग धाकटीचा आवाज आला, घाबराघुबरा. "काका, काय सांगितलंत हो? ताई रडताहेत, आणि रडत रडत गुंडाळ्या पुन्हा मोजताहेत."

"मोजू दे तिला," मी म्हणालो.